पहिलं वेल्डिंग मशीन

मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ आमच्या जुन्या गाडीचा दाराखालचा पत्रा खाऊन गेलं. या देशातली माझी पहिली गाडी. भंगारात द्यायला मन होईना. बाबांनी कोल्हापुरात आयुष्यभर रॉडने गेटं-ग्रिलं जोडली. फोनवर त्यांनाच विचारलं.

"पत्रा केवढा जाड?"

"मिलिमीटरभर."

"मग रॉड नको, भोकं पाडशील. मिग घे, गॅसवालं. आणि आधी बॅटरीची तार काढ."

गॅरेजात १२० व्होल्टचाच प्लग. पातळ पत्र्याला तेवढं पुरतं. सिलिंडर वेगळा घ्यावा लागला : ७५ टक्के आर्गॉन, बाकी कार्बन डायऑक्साइड. खर्च ऐकून बायको गप्प. (हेल्मेट मात्र तिनेच हट्टाने महागातलं घेतलं.)

पहिला टाका व्हिडिओवर दाखवला. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"गंज नीट घासला नाहीस," म्हणाले. "परत दाखव."