हिरवी खूण आणि त्रेचाळीस नावं

२०२४ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. दहावीच्या प्री-लिस्टवर मुलामुलींच्या सह्या घेत होते. प्री-लिस्ट म्हणजे बोर्डाकडे जाण्याआधीची शेवटची यादी. त्यात जे छापलंय तेच पुढे मार्कशीटवर येतं, म्हणून प्रत्येकाने स्वतःचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख वाचून सही करायची. बहुतेक मुलं न वाचताच सही ठोकतात. एक मुलगी मात्र पेन हातात धरून थांबली. म्हणाली, "मॅडम, अम्मीचं नाव चुकलंय."

तिच्या अम्मीचं नाव रुकय्या, असं समजा (नाव बदलून सांगतेय). यादीत रुकैया होतं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय होतं? ज्यांच्या घरातलं कोणी आखातात नोकरीला आहे त्यांनी हा प्रश्न विचारू नये. खेड तालुक्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. पासपोर्टवर एक, दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं स्पेलिंग घेऊन एजंटच्या दारात उभं राहणं काय असतं, ते आमच्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही बापाला विचारा.

पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मुलीने भरून दिलेल्या कागदावर नाव बरोबर होतं. ते चुकवलं होतं मी. शाळेच्या सॉफ्टवेअरमधल्या यादीशी ताडून पाहताना फरक दिसला, आणि सॉफ्टवेअर कशाला चुकेल असं समजून मी बरोबर असलेलं नाव खोडून चुकीचं लिहिलं होतं. सही माझीच.

हे सॉफ्टवेअर आमच्याकडे कसं आलं, तेही सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला जगबुडीचं पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. आमच्या शाळेचं ऑफिस तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही जनरल रजिस्टरची पानं एकेक सोडवून पंख्याखाली वाळवली, काहींवर मधे कपडा घालून इस्त्री फिरवली. जुन्या शाईने लिहिलेली उर्दू नावं पसरून निळे डाग झाली होती. कोणाचा बाप, कोणाचा आजोबा त्या डागांत होता. त्यानंतर संस्थेच्या मीटिंगमध्ये कोणालाच वाद घालायचा नव्हता. नोंदी क्लाउडवर जायलाच हव्यात, असं ठरलं.

पण सगळंच क्लाउडवर ठेवून कोकणात चालत नाही. पावसाळ्यात इंटरनेट कधी जाईल याचा नेम नाही, आणि दाखला मागायला आलेल्या माणसाला "नेट आल्यावर या" असं किती वेळा सांगणार? मग विक्रेत्याने दोन्हींचा मेळ सुचवला. एक सर्व्हर ऑफिसात (आता वरच्या मजल्यावर), दुसरी प्रत दूरच्या डेटा सेंटरमध्ये आणि दोन्ही सांभाळायला एकच डॅशबोर्ड. याला म्हणे हायब्रिड क्लाउड म्हणतात.

पुण्यात याच क्षेत्रात काम करणारी माझी एक माजी विद्यार्थिनी आहे. तिने फोनवर नेमकेपणाने समजावलं की अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये याची व्याख्या केली. दोन किंवा अधिक क्लाउड, प्रत्येकाचं अस्तित्व वेगळं, पण माहिती आणि प्रोग्राम इकडून तिकडे नेता येतील अशा तंत्राने जोडलेले. काटेकोर बोलायचं तर आमचा ऑफिसातला एकुलता एक डबा क्लाउड म्हणवून घेण्याच्याही लायकीचा नाही, असं ती हसत म्हणाली. असो. मी माझ्या मनाशी लावलेला अर्थ असा: घरची विहीरही आहे आणि नळपाणी योजनेचा नळही आहे, आणि दोन्हींचं पाणी एकाच टाकीत येतं. सोय उत्तम. पण टाकीतलं पाणी गढूळ झालं, तर ते विहिरीचं की नळाचं, हे कळायला हवं ना? आमच्या डॅशबोर्डवर ते कळत नाही. तिथे फक्त एक हिरवी खूण असते आणि तिच्यापुढे इंग्रजीत लिहिलेलं असतं, की सर्व काही जुळलेलं आहे.

ही खूण खरं बोलत होती, हीच तर गंमत आहे. सगळं जुळलेलं होतं, फक्त चुकीच्या बाजूने.

झालं होतं ते असं. ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज गेली आणि इंटरनेटही दोन दिवस बंद राहिलं. वीज परत आल्यावर आमच्या क्लार्कनी बसून त्रेचाळीस नावं दुरुस्त केली. पालकांचे अर्ज, आधारच्या झेरॉक्स, सगळं समोर ठेवून, मन लावून. काम ऑफिसच्या सर्व्हरवर झालं. नेट आलं तशी ही दुरुस्ती वर क्लाउडवर जायला हवी होती. उलट क्लाउडवरची जुनी नावं खाली आली आणि नवीन नावांवर बसली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.

कारण सापडायला आठवडा गेला. विक्रेत्याच्या हेल्पलाइनवर मला तीन वेळा "मॅडम, सिस्टीम ग्रीन दाखवतेय" एवढंच ऐकायला मिळालं. सुगावा लागला तो बोनाफाइडच्या फाइलमध्ये. त्या दोन दिवसांत छापलेल्या दाखल्यांवर तारखेच्या जागी २०१५ सालची तारीख होती, आणि क्लार्कनी ती पेनने खोडून, बरोबर तारीख लिहून, मुख्याध्यापकांची सही घेतली होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, "प्रिंटरचा काहीतरी घोळ वाटला, मॅडम."

प्रिंटरचा घोळ नव्हता. कॉम्प्युटरच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की वीज जाताच मशीन स्वतःची तारीख विसरतं आणि मागच्या कुठल्यातरी तारखेला जाऊन बसतं. इंटरनेट असतं तर घड्याळ तिथून वेळ घेऊन सुधारलं असतं, नेट नव्हतं. त्यामुळे त्रेचाळीस दुरुस्त्यांवर २०१५ ची मोहर बसली. दोन्ही प्रती समोरासमोर आल्या तेव्हा सॉफ्टवेअरने आपला नियम लावला: ज्याची तारीख नंतरची, तो खरा. क्लाउडवरची नोंद २०२३ ची. ती जिंकली.

माझ्या विद्यार्थिनीला हे सांगितलं तर तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. 'शेवटचा लिहिणारा जिंकतो' हा नियम जगभर वापरतात म्हणाली, आणि घड्याळं चुकली की तो असाच तोंडावर आपटतो, हेही जगभर माहीत आहे. मग मी विचारलं, "अगं, मग माणसाला विचारत का नाहीत?" यावर तिने दिलेलं उत्तर माझ्या डोक्यातून अजून जात नाही. प्रोग्रामर लोक आपला कोड सांभाळायला गिट नावाचं साधन वापरतात, लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये बनवलेलं. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर गिट थांबतं, दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि विचारतं, यातली कुठली ठेवू? म्हणजे ही सभ्यता त्यांना माहीत आहे. ती त्यांनी स्वतःच्या कोडसाठी ठेवली. आमच्या मुलींच्या आयांच्या नावांसाठी घड्याळ पुरेसं वाटलं.

माझी पहिली मागणी म्हणून हीच आहे. दोन ठिकाणी दोन वेगळी माहिती असेल तर थांबा आणि विचारा. दोन्ही नावं शेजारी दाखवा, कोणी, कुठल्या मशीनवर लिहिलं ते दाखवा, आणि निर्णय माणसाला घेऊ द्या. एका प्रतीचं घड्याळ दुसरीपेक्षा नऊ वर्षं मागे आहे, हे तर कुठल्याही सॉफ्टवेअरला दिसायला हवं. ते दिसल्यावर त्याने गप्प कसं बसावं? हिरवी खूण काढून टाकली तरी माझी हरकत नाही. त्याऐवजी साधं लिहा: 'ऑफिसच्या मशीनशी शेवटचं बोलणं मंगळवारी दुपारी झालं. त्यानंतरचं मला माहीत नाही.' असं सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसेल.

नावांचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते उर्दू-मराठी शिकवणाऱ्यांनाच नीट कळेल. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय अशी चार अक्षरं आहेत. आपल्याकडे बोलताना चौघांचाही उच्चार एकच. मराठीत कोणी ज लिहितो, कोणी झ, आणि माझ्यासारखी हट्टी बाई ज खाली नुक्ता देते. इथपर्यंत दोष आपला म्हणू. पण हा नुक्तेवाला ज़ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा ज आणि वेगळा नुक्ता मिळून. पडद्यावर अगदी सारखे दिसतात. दोन्ही एकच समजावेत, असं युनिकोडचा नियमच सांगतो. तरी आमच्या ऑफिसच्या मशीनवर एका प्रकारे टाइप होतो, मोबाइल अ‍ॅपवर दुसऱ्या, आणि सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळी मुलं धरतं. एकाच पोराची दोन खाती, हजेरी अर्धी इकडे, अर्धी तिकडे. वर्षाअखेरीला पोरगा दोन्हीकडे गैरहजर. मराठी-उर्दू नावं घालून एकदा तरी तपासून पाहिलं असतं, तर हे विक्रीआधीच सापडलं असतं. डॅशबोर्ड मराठीत असणं ही तर फार पुढची गोष्ट झाली.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. निवृत्त झालेल्या क्लार्कचं लॉगिन आम्ही ऑफिसच्या सर्व्हरवर बंद केलं. क्लाउडवर ते पाच महिने चालू होतं, कारण दोन्हीकडच्या परवानग्या वेगळ्या ठेवल्या जातात आणि ते कोणी सांगितलं नव्हतं. मुलांची माहिती आहे ही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलीय ती उगीच नाही. बिल कशाचं येतं ते आमच्या खजिनदारांना, म्हणजे चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला, अजून उमगलेलं नाही. आणि आपलाच डेटा घेऊन दुसरीकडे जायचं म्हटलं तर त्याचे वेगळे पैसे. २०२४ च्या सुरुवातीला गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही सोडून जाणाऱ्या ग्राहकांचं डेटा बाहेर नेण्याचं शुल्क काढून टाकलं. आमच्या विक्रेत्यापर्यंत ती बातमी अजून पोहोचायची आहे.

मोठ्यांचं तरी ठीक चालतं का? मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाच्या सहा लाखांहून अधिक सभासदांना जवळजवळ आठवडाभर आपलं खातं उघडता येईना. गूगलने नंतर खुलासा केला की त्यांच्या आतल्या एका साधनात, मांडणी करताना, एक रकाना रिकामा राहिला होता. त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ साधनाने 'मुदत एक वर्ष' असा लावला आणि वर्ष भरताच ग्राहकाला काही न कळवता सगळं पुसून टाकलं. बॅकअप वाचले होते, काही दुसऱ्या कंपनीकडेही ठेवलेले होते, म्हणून पुन्हा उभं राहता आलं. ही बातमी वाचून मला आमच्या बटणाएवढ्या सेलबद्दल जरा कमी लाज वाटली. दोन्हीकडे चूक बारीक होती, आणि दोन्हीकडे सॉफ्टवेअरने न विचारता तिचा अर्थ लावला होता.

मी हे सॉफ्टवेअर फेकून द्या म्हणत नाही. इस्त्री फिरवलेली ती पानं अजून कपाटात आहेत, हात लावला की पापडासारखी तुटतात. पुन्हा पाणी आलं तर नोंदी दूर कुठेतरी सुरक्षित आहेत, ही भावना खरोखर मोलाची आहे. फक्त ती भावना तपासून बघावी असं आम्हाला नोव्हेंबरपर्यंत सुचलं नव्हतं. मग डिसेंबरातल्या एका रविवारी मी, क्लार्क आणि पुण्याहून गावी आलेली ती मुलगी, तिघं ऑफिसात बसलो आणि क्लाउडवरून एका वर्गाची नोंद कोऱ्या लॅपटॉपवर उतरवून पाहिली. चार तास लागले. मुलांचे फोटो आले नाहीत. ते कधी वर गेलेच नव्हते. हिरवी खूण तेव्हाही चालू होती.

त्रेचाळीस नावं आम्ही परत भरली, या वेळी कागदाच्या फाइलवरून. बोर्डाच्या यादीतली दुरुस्ती मुदतीत गेली. त्या मुलीच्या घरी जाऊन मी तिच्या अम्मीला झालेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या टीचर, माझं नाव तर रेशन कार्डावरही धड नाही." मला काही बोलता आलं नाही, चहा घेतला आणि निघाले.

सर्व्हरमधला सेल बदलला. खेडच्या बाजारात मिळतो, शंभराच्या नोटेत पैसे परत येतात. मॉनिटरच्या कडेला क्लार्कनी एक चिठ्ठी चिकटवलीय, वर मराठीत आणि खाली उर्दूत: आधी तारीख बघा. जूनमध्ये ती मुलगी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. दाखला हातात घेतला, खिडकीपाशी उजेडात गेली आणि अम्मीच्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली. मी आणि क्लार्क तिचं वाचून होईपर्यंत थांबलो.