मुळा कोणी लावला?

मार्गारेट मिचेल या अमेरिकन लेखिकेची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९३९ साली तिच्यावर सिनेमा निघाला. प्रेमकथा म्हणून तिची कीर्ती जगभर आहे. हजारावर पानांचे हे पुस्तक आम्ही दोनदा वाचले, एकदा बी. कॉम.ला असताना, आणि अलीकडे कचेरीला येता-जाता गाडीत.

पुस्तक आवडले, हे आधीच सांगून टाकतो. नायिका स्कार्लेट ओहारा हट्टी, आपमतलबी, पण जिवंत बाई आहे. दुसरीशी लग्न झालेल्या अ‍ॅश्लीच्या मागे ती वर्षानुवर्षे धावते, आणि तिला पुरती ओळखणाऱ्या रेट बटलरची किंमत तिला तो निघून जाताना कळते. वाचताना जीव हळहळतो. शिवाय ती हिशेबाला पक्की! लाकडाची गिरणी नवऱ्यापेक्षा चांगली चालवते. आमचा जन्म खतावणीत गेला, त्यामुळे हे विशेष भावले.

अमेरिकेतील यादवी युद्धात तिचे घर लुटले जाते. भुकेने कासावीस होऊन ती शेजारच्या जळालेल्या मळ्यावर जाते, एक मुळा उपटून कच्चाच खाते आणि ओकते. तिथेच ती ठरवते, की यापुढे आपण व आपली माणसे उपाशी राहणार नाही, मग काहीही करावे लागो. आमची आई लहानपणी १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर जगलेली. तिला आम्ही हा प्रसंग मराठीत सांगितला. ती म्हणाली, “पोरगी जिद्दीची हाय बाबा. पर त्यो मुळा लावला व्हता कुणी?”

आम्ही पान पुन्हा काढून पाहिले. मुळा गुलामांच्या खोपटांमागच्या वाफ्यातला होता. लेखिकेने तसे लिहिलेच आहे. पण लावणाऱ्याची आठवण ना तिला येते, ना स्कार्लेटला.

मग पुढचेही दिसू लागले. गिरणीसाठी स्कार्लेट तुरुंगातले कैदी भाड्याने घेते. मुकादम त्यांचे धान्य परस्पर विकून त्यांना उपाशी ठेवतो. ती हाडे निघालेली माणसे पाहून संतापते, पण मुकादम काम सोडण्याची धमकी देतो तेव्हा नफ्यासाठी गप्प बसते. भुकेची शपथ फक्त आपल्या माणसांपुरती होती.

त्याहून बोचते ते क्लॅनचे. निग्रोंना झोडपणारी, मारणारी गोऱ्यांची ती गुप्त टोळी इथे स्त्रियांची रक्षणकर्ती ठरते. नायिकेचा नवरा आणि अ‍ॅश्ली दोघेही तिच्यात आहेत. गुलामांना स्वातंत्र्य मिळाले तो काळ लेखिकेला निव्वळ सत्यानाशाचा वाटतो. कथा १८७३ च्या सुमारास संपते. त्याच १८७३ साली इकडे पुण्यात जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करीत होते, आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण करीत होते. एकच काळ, तिथल्या मळेवाल्याला तो बुडताना दिसला, आणि आमच्या तात्यासाहेबांना उजाडताना.

आमच्या विहाराच्या वाचनालयातून हे पुस्तक काढून टाकावे, असे एका कार्यकर्त्या मित्राचे म्हणणे पडले. आम्ही मोडता घातला. कॉलेजच्या मुली ते नेतात, रेट बटलरवर खूश होऊन परत आणतात. खुशाल व्हाव्यात. पुस्तक परत घेताना आम्ही मुळ्याचे तेवढे विचारतो.

रेट निघून गेल्यावर स्कार्लेटला आधार वाटतो तो आपल्या गावच्या मळ्याचा, आणि तिथे असलेल्या मॅमीचा. मॅमी म्हणजे तिला लहानाचे मोठे करणारी काळी दाई. या बाईचे खरे नाव काय, म्हणून दुसऱ्या वाचनात आम्ही पेन्सिल घेऊन बसलो होतो. हजार पानांत ते कुठेही नाही.