मागच्या दारची चूल

मुसफ्फातल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी नकाशे काढतो, तिथे पत्र्याच्या शेड बनतात. गाड्यांसाठी, गोदामांसाठी, आणि व्हिलांच्या मागच्या अंगणातल्या स्वयंपाकघरांसाठीही. बऱ्याच अरबी घरांत मासे-मटणाचा मोठा रांधा घराबाहेरच्या 'मतबख'मध्येच होतो.

गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "परवाना आहे का?" अंगणातलं असलं तरी ते बांधकामच. अर्ज मालकाचा, नकाशा नोंदणीकृत सल्लागाराचा, काम परवानाधारक ठेकेदाराचं. गॅस असेल तर सिव्हिल डिफेन्सचे नियम वेगळे.

गेल्या हिवाळ्यात आई वेंगुर्ल्याहून आली. आम्ही पलीकडे मोहम्मद बिन झायेद सिटीत एका व्हिलाच्या मुलहकमध्ये राहतो. दोन खोल्या आणि कपाटाएवढं स्वयंपाकघर. आईने सुके बोंबील भाजले आणि वास थेट मुलांच्या गणवेशापर्यंत गेला. बायको काही बोलली नाही, फक्त खिडक्या उघडल्या. आईला तेवढं पुरलं. "आता नाय रे आवडत मला बोंबील," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

मला ते लागलं. उरलेले पत्रे, दोन माणसं, सुट्टीचा एक दिवस. भिंतीआड कोण बघतंय? रात्री कागदावर दोन बाय तीन मीटरची शेड काढली. सिलिंडरची जागा दाखवायला गेलो, तर ती नेमकी मुलांच्या खिडकीखाली आली. मे २०२२ मध्ये अबुधाबीच्या खालिदियात एका हॉटेलात गॅसचा स्फोट झाला होता. दोघे गेले, शंभरावर जखमी झाले. पेन्सिल खाली ठेवली.

घरमालकाला रीतसर विचारलं. तो हसून म्हणाला, "परवाना येईपर्यंत तुझ्या आईचा व्हिसा संपेल." भाडेकरूच्या बोंबलांसाठी त्याने सल्लागाराचे पैसे का भरावेत, हेही खरंच. अंगणात टेबल मांडायला मात्र त्याची हरकत नव्हती.

मग टेबल आणि विजेची शेगडी. जानेवारीतली संध्याकाळ, गार वारा, आईच्या खांद्यावर शाल. "चुलीची चव नाय हो," म्हणत तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. बायकोने तिच्याकडून तिसरा बोंबील मागून घेतला.

तो कागद अजून खणात आहे. "परवाना आहे का?" हा प्रश्न मी आजही विचारतो. फक्त आवाज थोडा खाली आलाय.