बाटलीतलं ऊन

मेलबर्नमध्ये डिसेंबरात ऊन चावतं. माझी केतकी कातडी त्यात लाल होते, सोलवटते, पण सावळी होत नाही. मला सावळा रंग फार आवडतो. ‘गोरी गोरी’ म्हणून लहानपणी झालेलं कौतुक तेव्हाही टोचायचं. म्हणून सेल्फ-टॅनचा, म्हणजे उन्हाशिवाय त्वचा सावळी करणारा फेस घरी आणला.

त्यातलं डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन त्वचेच्या वरच्या मृत पेशींतल्या अमिनो आम्लांशी जुळतं आणि तपकिरी रंग तयार होतो. भाकरी तव्यावर खरपूस होते, त्याच जातीची ही प्रक्रिया. १९५०च्या दशकात सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात संशोधक एव्हा विटगेनस्टाइन हे द्रव्य आजारी मुलांना औषध म्हणून देत होत्या. अंगावर सांडलं तिथली त्वचा तपकिरी झालेली त्यांना दिसली, कपडे मात्र तसेच राहिले. किती बारीक नजर!

घोटे, कोपरं, गुडघे कोरडे. ते रंग जास्त पितात. माझ्यासारख्या धसमुसळ्या बाईने तिथे आधी मॉइश्चरायझर लावावं, मग हातमोजा घालून फेस पसरावा. तरी बोटांच्या बेचक्यांत नारिंगी रेघ उरतेच. आठवड्याभरात सगळं उतरतं.

या रंगाने उन्हापासून संरक्षण मिळत नाही. बाहेर पडताना सनस्क्रीन लावाच.