पोच घेतलीत का?

वडील गेल्यावर वारसनोंद झाली आणि रान आईच्या नावावर आलं. त्यात काही अडलं नाही. अडलं ते क्षेत्राच्या रकान्यात. हस्तलिखित सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर, म्हणजे दोन एकर. संगणकावर चढवताना कुणाच्या तरी बोटांनी आकडे उलटे टाकले आणि झालं ०.१८. दोन एकरांचे अठरा गुंठे! २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं, तेव्हाच चुका सांगायच्या होत्या. पण वडील त्या वेळी अंथरुणाला खिळलेले. आई पीककर्जासाठी विकास सोसायटीत गेली, तेव्हा हे उघडकीला आलं. सचिव म्हणाले, ‘‘काकू, कर्ज सातबारा बघून मिळतं, रान बघून नाही.’’

आमच्या गावात अशा चुकीवर तीन उपाय चालतात. पहिला, तहसीलच्या आवारात झेरॉक्सच्या टपरीजवळ उभा असलेला एजंट. तो म्हणाला, ‘‘ताई, पाच हजार द्या आन् इसरून जावा.’’ दुसरा माझ्या चुलत्यांचा. कचेरीत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, चहा पिऊन यायचं आणि पारावर त्याची गोष्ट सांगायची. तिसरा मामेभावाचा. त्यानं थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहायला सांगितलं, खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून जिल्हाधिकाऱ्यांपासून पंतप्रधानांपर्यंत यादी. मी आयुष्यभर सहकारी बँकेत आवक-जावक सांभाळलं आहे, त्यामुळे अशा पत्राचं पुढं काय होतं ते मला माहीत होतं. ते मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ येतं आणि ज्या टेबलावर मी सकाळच्या एसटीनं जाऊन पोचू शकते, त्याच टेबलावर तीन-चार महिन्यांनी पडतं.

म्हणून आधी शोधलं ते एवढंच, की ही चूक दुरुस्त करायचा अधिकार नेमका कुणाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं कलम १५५ लेखनातल्या चुकांसाठी आहे आणि तो अधिकार तहसीलदारांचा. अभिलेख कक्षातून जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल काढली, पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा नवा सातबारा काढला आणि दोन्ही जोडून अर्ज लिहिला. गट नंबर, जुना आकडा, नवा आकडा, कलम, मागणी. बस. वडिलांचं आजारपण लिहिलं नाही, अडलेलं कर्ज लिहिलं नाही, एजंटही नाही. आईला तो अर्ज फार कोरडा वाटला. ‘‘आपली अडचण तरी लिही की,’’ म्हणाली. पण अडचण वाचून समोरचा हळहळतो आणि कागद बाजूला ठेवतो. मला हळहळ नको होती, आदेश हवा होता.

‘‘ठेवून जावा मॅडम,’’ तहसील कचेरीतला लिपिक म्हणाला.

‘‘दुसऱ्या प्रतीवर पोच द्या.’’

‘‘पोचबिच कशाला? तहसीलदार रावसाहेबांच्या टेबलावर ठेवतो की.’’

मी तिथंच उभी राहिले. मागं रांग वाढायला लागली तसा त्यानं शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, तारीख लिहिली. पुढं जे काही घडलं ते त्या क्रमांकामुळं. त्याच्याशिवाय माझा अर्ज आणि चुलत्यांचं ओरडणं यांत सरकारदरबारी काडीचा फरक नव्हता.

मग सुरू झालं नेहमीचं. रावसाहेब बैठकीला गेलेत. रावसाहेब निवडणुकीच्या कामात आहेत. शेवटी एक उत्तर पक्कं झालं: ‘‘तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल आला नाही.’’ गावाला तेवढंच पुरलं. भाऊसाहेबांनी कुणाकुणाकडून काय खाल्लं याची उजळणी पारावर रोज होऊ लागली.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. २००५ चा कायदा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमात अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. त्यावर पुष्कळांचा राग आहे, पण मला ती सोयीची वाटते; माणूस मुद्द्यावर राहतो. माहितीच्या अधिकारात सातबारा दुरुस्त होत नसतो, आणि ‘माझं काम का केलं नाही’ असं विचारलं तर उत्तरही धड मिळत नाही. कागद मागायचे असतात. मी मागितलं ते असं: अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुणाकडं होता, त्या कर्मचाऱ्यांची नावं आणि पदं, आणि त्यावरच्या सर्व टिपण्यांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही तर पहिलं अपील. आणि माहिती आयोगानं मनावर घेतलं तर दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. उत्तर मुदत संपता संपता आलं.

त्यात गंमत होती. तलाठ्यांचा अहवाल मागवावा, अशी टिपणी होती. त्यावर सही होती. पत्राचा मसुदाही होता. फक्त जावक क्रमांक नव्हता. पत्र कचेरीतून बाहेरच पडलं नव्हतं. भाऊसाहेबांना भेटले तर ते तीन सज्जांचा कारभार बघून मेटाकुटीला आलेले. ‘‘ताई, कागदच आला न्हाई, तर अहवाल कशाचा देऊ?’’ म्हणाले. चूक त्यांची नव्हती, पण गावानं त्यांना केव्हाच फासावर दिलं होतं.

आता मला कुणावर आरोप करायचीही गरज उरली नव्हती. रावसाहेबांना स्मरणपत्र लिहिलं: आपल्याच कार्यालयानं दिलेल्या माहितीनुसार अमुक तारखेचं पत्र रवाना झालेलं दिसत नाही, ते रवाना करावं. सोबत टिपणीची प्रत. खाली एक ओळ दफ्तर दिरंगाईच्या कायद्याची. बदल्या आणि विलंब यांवरचा हा २००५ चा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळं आला. सरकारी कर्मचाऱ्याकडं साधी फाइल सहसा सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात लिहिलं आहे. कचेऱ्यांमध्ये त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. आणखी एक ओळ अशी की काम न झाल्यास महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडं जो लोकशाही दिन भरतो, तिथं अर्ज करणार आहे. धमकी नव्हे, वेळापत्रक.

पोच देताना लिपिकानं या वेळी ‘कशाला’ म्हटलं नाही. उलट खुर्ची दिली. तो वाईट माणूस नव्हता. अनुदानाच्या याद्या, निवडणूक, दाखले, सगळं त्याच्याच टेबलावर. या ढिगातला कुठला कागद आधी उचलायचा हे त्याला रोज ठरवावं लागतं, आणि ज्याच्याबद्दल उद्या लेखी विचारणा होईल तो कागद तो आधी उचलतो. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. बँकेत केलंही आहे.

पत्र गेलं, अहवाल आला, आदेश निघाला, फेरफार पडला, सर्कल अधिकाऱ्यानं तो प्रमाणित केला. क्षेत्र ०.८१. त्या हंगामाचं कर्ज मात्र हुकलं ते हुकलंच; आईनं बियाणं उधारीवर आणलं.

आता गावातले लोक कागद घेऊन येतात. परवा शेजारचे तात्या आले. तीन पानी अर्ज, सुरुवात १९८७ च्या भांडणापासून. मागणी शोधली तर एवढीच निघाली, की सातबाऱ्यावर आडनाव चुकलंय. मी पाच ओळींत लिहून दिला. तात्यांनी तो उलटसुलट पाहिला.

‘‘आन् बांध कोरलाय त्येचं?’’

‘‘तात्या, बांधासाठी मोजणी मागवावी लागते. ती भूमी अभिलेखकडं. अर्ज वेगळा, फी वेगळी.’’

‘‘मग त्योबी लिही,’’ तात्या म्हणाले आणि पिशवीतून जुना नकाशा काढायला लागले.