काळोखाशी ओळख

पावसाळा सुरू झाला की आपल्या वसतिगृहातील वीज जाते, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. ताम्हिणीकडून वारा सुटतो, वाटेत कोठे तरी तारेवर झाड पडते आणि पौडच्या परिसरात काळोख पसरतो. आम्ही येथे इतिहासाचे शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा वसतिगृहाची देखरेखही आमच्याकडेच आली. त्या पहिल्याच जूनमध्ये सलग तीन रात्री वीज नव्हती. दुसऱ्या रात्री पाचवीतील एक मुलगा आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याला शौचालयापर्यंत जावयाचे होते. अंतर साठ पावलांचे. आम्ही बॅटरी घेतली, त्याचा हात धरला. परतताना त्याने विचारले, "सर, तुम्हांला भीती नाही वाटत?"

"नाही," आम्ही म्हणालो.

ते खरे नव्हते. जाता-येता आम्ही चिंचेकडे पाहण्याचे टाळले होते. बावीस प्रतिज्ञा आम्हांस मुखोद्गत, भुताखेतांच्या विरोधात गावोगावी व्याख्याने दिलेली. परंतु लहानपणी आजीने सांगितलेला मुंजा आणि ओढ्याकाठची हडळ बुद्धीतून गेली तरी पाठीच्या कण्यातून गेली नव्हती. मुलाशी खोटे बोललो, ही टोचणी मात्र बरेच दिवस राहिली.

आमचे आजोबा येसकर होते. हातात घुंगुरकाठी घेऊन रात्री वेशीवर जागायचे, सरकारी टपाल आले तर मध्यरात्री उठून पुढच्या गावी पोचवायचे, मयताचा सांगावा न्यायचा. मोबदला घरोघरची भाकरी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच वेठीच्या विरोधात. पुढे 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. पदव्युत्तर शिक्षण घेताना आम्ही वतनांविषयी पुष्कळ वाचले. महारांची कामे, हक्क, बलुत्याचे वाटे, सारे तेथे नोंदलेले आहे. अमावास्येच्या रात्री टपाल घेऊन एकट्याने ओढा ओलांडणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. आजोबांना अंधाराची भीती नव्हती, असे घरात सांगत. पण त्यांची रात्र त्यांची नव्हती. तारे पाहत उभे राहण्याची सवड त्यांना कोणी दिली असेल, असे वाटत नाही.

त्या वर्षीच्या वर्षावासात आम्ही मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्त वाचले. बोधिप्राप्तीपूर्वीच्या दिवसांत आपण भीतीशी कसे वागलो, हे तथागत जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाला त्यात सांगतात. चतुर्दशी, पौर्णिमा, अष्टमी अशा रात्री ते मुद्दाम भीतिदायक स्थळी जाऊन राहत. एखादे जनावर जवळून जाई, मोराकडून काटकी पडे, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि भय उभे राही. चालत असता भय आले तर ते चालता चालताच ओसरेपर्यंत ते थांबत नसत, बसत नसत. मला भीती वाटलीच नाही, असे ते म्हणत नाहीत, हे वाचून आमचा जीव हलका झाला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून आम्ही खरे काय ते सांगितले. तो हसला. मग दोघांनी ठरवले, साठ पावले बॅटरी न पेटवता चालायची. त्यातूनच दर अमावास्येची रात्रफेरी सुरू झाली.

पायांत बूट, हातात काठी, नेहमीचीच वाट, पुढे एक शिक्षक आणि मागे एक. बॅटरी प्रत्येकाजवळ असते, पेटवायची फक्त गरज पडल्यास. मुळशीच्या गवतात घोणस आणि मण्यार आहेत आणि धैर्य म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ आम्ही मैदानाच्या कडेला गप्प बसतो. प्रथम आभाळाची कड दिसते, मग झाडांचे आकार वेगळे होतात, मग पायवाट फिकट पांढरी उमटते. अंधुक तारा थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो, ही युक्ती मुलांना फार आवडते. पिंगळा, टिटवी, रातवा यांचे आवाज ओळखू आले की ‘ते काय होते’ हा प्रश्नच बदलतो. हिवाळ्यात कृत्तिका आणि मृग, उन्हाळ्याअखेरीस वृश्चिकातील तांबूस ज्येष्ठा. पूर्वेकडे हिंजवडी आणि पुण्याचा उजेड दरवर्षी वर चढतो आहे. तिकडचे तारे आता मोजकेच. पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, आभाळ अजून शाबूत आहे. पावसाच्या तोंडावर तिकडच्या झाडांवर काजवे लखलखतात. शेकडो काजवे एकाच लयीत पेटतात-विझतात, तेव्हा सातवीतील वात्रट मुलेही कुजबुजत बोलतात.

अंधाराचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. मुळशीच्या धरणाचे पाणी कोकणात भिऱ्याला उतरते, 1927 पासून तेथे वीज होते आणि ती मुंबईकडे गेली. 1921 मध्ये ज्या शेतकऱ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यांच्या मुलांनी पुढे कंदिलावर अभ्यास केला. लादलेला अंधार वेगळा.

एका पालकांनी आम्हांला सुनावले, "गुरुजी, बाबासाहेब रात्र रात्र दिव्याखाली वाचत होते. तुम्ही पोरं अंधारात काय फिरवता?" त्यांचे खरेच होते, 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीही बाबासाहेबांनी ग्रंथाची प्रस्तावना उशाशी मागून घेतली होती. आम्ही फेरी अभ्यासिकेनंतर ठेवली. मुलींना सुरुवातीला आम्ही नेतच नव्हतो. तेव्हा आमच्या सहकारी बाई म्हणाल्या, "सर, मुली काळोखाला भीत नाहीत, काळोखातल्या माणसांना भितात. तुमच्या सुत्तात त्याला काय उपाय आहे?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आता त्या स्वतः मुलींची फेरी काढतात आणि ती आमच्या फेरीपेक्षा लांब जाते.

तो पाचवीतला मुलगा आता रात्रपाळीत काम करतो. यंदा त्याने आणि त्याच्या वर्गमित्रांनी शाळेच्या मैदानासाठी उंच खांबाचा मोठा दिवा देणगी दिला आहे. दिवा हवाच होता. फाटकाजवळ फार अंधार असतो. त्याचे बटण अधीक्षकांच्या खोलीत बसवावे, एवढी विनंती आम्ही केली आहे, म्हणजे अमावास्येला तासभर तो बंद करता येईल.