होडीतला मे महिना

घराला रंग देताना काय गंमत होते, तुम्हांला ठाऊक आहे ना? या खोलीतलं सामान त्या खोलीत, मग त्या खोलीतलं या खोलीत. आता कल्पना करा, घर ३२ फूट लांब, मध्ये एकही भिंत नाही आणि घराखाली खाडी!

२००१ साली पाचवीची परीक्षा संपल्यावर मी अशा घरात राहिले. ते घर म्हणजे माझ्या मामाची लाकडी होडी. तिच्या तळाच्या तीन फळ्या किड्यांनी पोखरल्या होत्या. सुताराची मजुरी मामाला झेपणारी नव्हती. म्हणून त्याने राहती भाड्याची खोली सोडली, वाचलेलं भाडं लाकडात घातलं आणि मामी, मामेभाऊ, स्टोव्ह, डबे असं सगळं लटांबर होडीवर आणलं. सुट्टीत मामाकडे जायचं, तर मामा होडीवर. मग मीही होडीवर!

होडी आंजर्ल्याच्या खाडीत होती. हर्णैच्या होड्या वादळवाऱ्यात याच खाडीत आसऱ्याला येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती खूप वर चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ती बेताचीच चढते, तो भांग. मामाने बुद्धपौर्णिमेच्या उधाणाला होडी काठावर चढवून घेतली आणि लाकडी टेकू दिले. आता अमावास्येच्या उधाणापर्यंत पाणी तिला उचलणार नव्हतं. हातात पंधरा दिवस होते.

होडी एका अंगाला कललेली. स्टोव्हखाली पाचर ठोकली, तरी आमटी पातेल्यात तिरकीच दिसायची! रात्री झोपलो की सकाळी आम्ही सगळे एका बाजूला गोळा झालेले. मामाने पुढच्या भागाच्या फळ्या उचकटल्या की संसार मागे, मागच्या उचकटल्या की संसार पुढे. मामी म्हणायची, "एक कोपरा मला कोरडा ठेवा, बाकी काय हवं ते फोडा." त्या कोपऱ्यात तांदळाचा डबा आणि माझी वही असायची.

माझ्याकडे काम होतं वाती वळायचं. समईच्या नव्हे हं! कापसाची बोटभर जाड, लांबच लांब वात वळायची. मामा ती दोन फळ्यांच्या फटीत बोथट पटाशीने ठोकून बसवायचा. वर राळेची पूड उंडीच्या तेलात कढवून केलेला लगदा. त्याचा वास केसांतून आठवडाभर जात नसे. वात सैल झाली की मामा न रागावता ती परत माझ्या मांडीवर टाकायचा. "बाय, घट्ट. यावर आपण झोपणार आहोत." हल्ली फायबरच्या होड्यांना वाती लागत नाहीत. सोय झाली खरी, पण कापूस ठोकतानाचा तो ठक् ठक् ताल मला अजून आवडतो.

अमावास्येच्या रात्री भरती आली. टेकू काढले होते. होडी हलकेच सरळ झाली, तरंगली... आणि तळातून पाणी आत येऊ लागलं! माझ्या तर पोटात गोळा आला. पुढचं उधाण येईपर्यंत पाऊस गाठणार आणि भाड्याची खोलीही आता दुसऱ्याची झालेली.

मामा मात्र शांत. सुकलेलं लाकूड आक्रसतं आणि पाणी प्यालं की फुगतं. फळ्या फुगून एकमेकींना बिलगतात, मधला कापूस आवळला जातो. पण लाकडाला फुगायला वेळ लागतो. "तोवर उपसायचं," तो म्हणाला. "तू मोज."

मी कोळशाने फळीवर रेघा ओढू लागले. उपसलेल्या प्रत्येक डब्याला एक रेघ. पहिल्या तासाला ६२. दुसऱ्या तासाला ५८. मामी मामाकडे बघत होती, काही बोलत नव्हती. तिसऱ्या तासाला ४०. मामेभाऊ डब्याला टेकूनच झोपला. मग २३. मग ११.

उजाडताना पूर्ण तासाच्या सहाच रेघा झाल्या. मामाने डबा उपडा घातला, त्यावर बसला आणि चहा मागितला.

"साखरेत पाणी गेलंय," मामी म्हणाली. "गुळाचा चालेल?"